जेटस्ट्रीम२ वर स्वतःचे आभासी क्लस्टर उभारायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : शोधछात्रा_ओहायो

नमस्कार. मी अमेरिकेतील ओहायो राज्यात जीवशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या ऊतींमधील आरएनएचे अनुक्रमण होते आणि दर दोन-तीन महिन्यांनी नमुन्यांचा एक मोठा गठ्ठा हाती येतो. या वेळी तो २४० नमुन्यांचा आहे. प्रत्येक नमुना स्टार या अलायनरमधून (अनुक्रम जीनोमशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढायचा, त्याची क्रमवारी लावायची आणि जनुकनिहाय मोजणी करायची, एवढेच काम आहे. आठ कोअर दिल्यास एका नमुन्याला साधारण एक तास लागतो, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. नमुने एकमेकांवर अवलंबून नाहीत.

मार्गदर्शकांचे पत्र जोडून मी ‘अ‍ॅक्सेस’ या संशोधकांना संगणकवेळ देणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमात ‘एक्सप्लोर’ वर्गातील प्रकल्प मिळवला आहे आणि त्यातील क्रेडिट जेटस्ट्रीम२ या संशोधनासाठीच्या क्लाउडकडे वळवून घेतली आहेत. एक्सोस्फिअर या त्याच्या वेब-पडद्यावरून एक यंत्र सुरू करून त्यावर पाच नमुने व्यवस्थित चालवलेही. आता पुढची पायरी म्हणून आभासी क्लस्टर, म्हणजे क्लाउडवरील अनेक यंत्रांचा एकत्र काम करणारा संच, उभारण्याचा विचार आहे, कारण माझ्याबरोबर प्रयोगशाळेतील आणखी दोघांना हीच यंत्रणा वापरायची आहे.

अडचण अशी की क्लस्टर वापरण्याचा मला सराव असला तरी ते उभारण्याचा अजिबात नाही. पुण्यात आयसरमध्ये शिकत असताना परम ब्रह्म या महासंगणकावर काम केले, पण तेथे जॉब, म्हणजे संगणकाला द्यायचे काम, रांगेत लावणे आणि त्याची वाट पाहणे यापलीकडे कधी जावे लागले नाही, कारण बाकी सारे सांभाळणारी माणसे वेगळी होती. येथे ते सारे मलाच करावे लागणार असे दिसते. दहा लहान यंत्रांचे क्लस्टर घ्यावे की एकच मोठे यंत्र? एक्सोस्फिअरमध्ये क्लस्टरचा तयार पर्याय दिसतो, तो घ्यावा की आज्ञावलीने हाताने उभारणी करावी? आणि मिळालेली सर्व्हिस युनिट (संगणकवेळ मोजण्याची एकके) नकळत वाया जाऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून काय पाळावे? संगणकशास्त्र हा माझा विषय नाही, तेव्हा कारणांसह सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : क्लस्टर_सांभाळणारा

नमस्कार. संशोधनासाठी लागणारी संगणकयंत्रणा सांभाळणे हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उभारणीकडे वळण्यापूर्वी हिशेब करू या, कारण बहुतेकांची गाडी अडते ती तेथेच. जेटस्ट्रीम२ वर एका आभासी कोअरच्या एका तासाला एक सर्व्हिस युनिट पडते. त्यामुळे ६४ कोअरचे एक यंत्र एक तास चालवा किंवा आठ कोअरची आठ यंत्रे एक तास चालवा, खर्च ६४ युनिटच. म्हणजे क्लस्टर केल्याने काम स्वस्त होत नाही आणि महागही होत नाही. फरक पडतो तो मेमरीमुळे. स्टारच्या पुस्तिकेतील नियमाप्रमाणे जीनोमच्या लांबीच्या दसपट बाइट एवढी मेमरी लागते. उंदराचा जीनोम सुमारे २.७ अब्ज बेसचा आहे, म्हणजे स्टार मेमरीत घेते त्या जीनोमच्या सूचीसाठीच २७ जीबी गेले. त्यावर क्रमवारीसाठी थोडी मोकळी जागा धरली तर प्रत्येक जॉबला ३४ जीबी मागणे शहाणपणाचे ठरेल.

आता जेटस्ट्रीम२ वरील यंत्रांचे आकार याच मापाने पाहा. एम३.मीडियममध्ये ८ कोअर आणि ३० जीबी मेमरी आहे. कोअर नेमके तुम्हाला हवे तेवढे आहेत, परंतु मेमरी पुरत नाही, म्हणून ते बाद. एम३.लार्जमध्ये १६ कोअर आणि ६० जीबी आहेत. त्यात एका वेळी एकच जॉब बसतो आणि अर्धे कोअर रिकामे राहतात, तरी पैसे मात्र सोळांचे मोजावे लागतात. २४० नमुन्यांचे ३,८४० युनिट होतील. एम३.एक्सएलमध्ये ३२ कोअर आणि १२५ जीबी असल्याने तीन जॉब बसतात आणि खर्च २,५६० युनिटवर येतो. एम३.२एक्सएलमध्ये ६४ कोअर आणि २५० जीबी आहेत; त्यात सात जॉब बसतात आणि २४० नमुने ३५ तासांत, २,२४० युनिटमध्ये संपतात. तेव्हा केवळ या एका गठ्ठ्यापुरता विचार केला तर माझे प्रामाणिक मत असे की क्लस्टरच्या वाटेला न जाता एकच मोठे यंत्र दीड दिवस चालवावे, काम झाले की बंद करावे.

परंतु तुमचा गठ्ठा दर दोन-तीन महिन्यांनी येणार आहे आणि वापरणारे तिघे आहेत, म्हणून माझा कौल बदलतो. तिघांनी एकाच यंत्रावर एकाच वेळी जॉब सोडले तर मेमरी कमी पडून सर्वांचीच कामे मध्येच तुटतील. रांग सांभाळणारी व्यवस्था तेव्हा हवीच. शिवाय एम३.एक्सएलचे आठ नोड (क्लस्टरमधील यंत्रे) घेतले तर एका वेळी २४ नमुने चालतात आणि सारे काम दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत उरकते. त्यासाठी ३२० युनिट जास्त मोजण्यास हरकत नाही.

आता अशा क्लस्टरची रचना. त्याचा मुख्य नोड लहान असतो आणि कायम चालू राहतो. सार्वजनिक पत्ता त्यालाच असतो, तुम्ही प्रवेश त्याच्यावरच करता आणि जॉबची रांग सांभाळणारे स्लर्म हे सॉफ्टवेअरही त्याच्यावरच चालते. प्रत्यक्ष काम करणारे कॉम्प्युट नोड मात्र काम आले की जन्माला येतात आणि काम संपून ठरावीक काळ रिकामे राहिले की नष्ट होतात. ही सोय स्लर्ममध्ये मुळात विजेच्या बचतीसाठी होती: भौतिक यंत्र रिकामे असेल तर ते बंद करावे आणि गरज लागली की पुन्हा चालू करावे. क्लाउडवर तीच यंत्रणा वापरली जाते. फक्त ‘चालू करणे’ म्हणजे ओपनस्टॅकला (जेटस्ट्रीम२ ज्यावर चालते त्या क्लाउड-सॉफ्टवेअरला) सांगून नवे यंत्र घडवणे आणि ‘बंद करणे’ म्हणजे ते मोडून टाकणे. स्लर्मच्या संरचना फाइलीत ‘रिझ्यूम प्रोग्रॅम’ आणि ‘सस्पेंड प्रोग्रॅम’ या नावांनी दोन लहान आज्ञावल्यांचे पत्ते दिलेले असतात. सारी जादू त्या दोन आज्ञावल्यांत आहे. त्या उघडून एकदा शांतपणे वाचाव्यात, कारण पुढे काहीही बिघडले तर प्रथम तेथेच पाहावे लागते.

उभारणी कशी करावी याविषयी माझे मत असे की पहिले क्लस्टर एक्सोस्फिअरमधूनच करावे. सेटिंग्जमध्ये प्रायोगिक सुविधा चालू केल्या की, रॉकी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे यंत्र बनवताना प्रगत पर्यायांत ‘हे यंत्र मुख्य नोड धरून स्लर्म क्लस्टर उभारा’ अशा अर्थाची निवड दिसते. मुख्य नोडसाठी एम३.स्मॉल, म्हणजे दोन कोअर आणि ६ जीबी, सुरुवातीस पुरेसे आहे. ‘तयार’ म्हटल्यावर लगेच प्रवेश करण्याची घाई करू नका. पडद्यामागे अ‍ॅन्सिबल हे स्वयंचलित उभारणीचे साधन एक तात्पुरते यंत्र घडवते, त्यात स्लर्म आणि इतर साहित्य बसवते, त्याचा स्नॅपशॉट (डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजेच इमेज) घेते आणि ते यंत्र पुसून टाकते; पुढचे सर्व कॉम्प्युट नोड त्या स्नॅपशॉटवरून निघतात. याला वेळ लागतो आणि मध्ये कोणी हात घातला तर अर्धवट इमेज तयार होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याचे दुसरेही कारण आहे: कॉम्प्युट नोडवर जाऊन तुम्ही एखादे सॉफ्टवेअर हाताने बसवले, तर तो नोड मोडताच तेही गेले. कायम हवे ते इमेजमध्ये घालावे किंवा सामायिक जागेत ठेवावे.

पहिल्याच दिवशी आठ नोड मागू नका. दोनच ठेवा आणि नोड कसा येतो व कसा जातो ते एकदा डोळ्यांनी पाहा. प्रवेश केल्यावर नोडची यादी दाखवणारी एसइन्फो ही आज्ञा द्या. नोडच्या स्थितीपुढे ‘~’ अशी नागमोडी रेघ दिसेल. हा नोड नोंदीत आहे, पण प्रत्यक्षात अस्तित्वात नाही, असा तिचा अर्थ. मग एसबॅचने यंत्राचे नाव छापणारा एक क्षुल्लक जॉब सोडा. ‘~’ च्या जागी ‘#’ येईल, म्हणजे नोड घडतो आहे, आणि रांग दाखवणाऱ्या एसक्यू या आज्ञेत जॉबच्या स्थितीत ‘सीएफ’ ही अक्षरे दिसतील. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत एक्सोस्फिअर उघडे ठेवलेत तर तेथे नवे यंत्र उगवताना दिसेल. काही मिनिटांनी जॉब पूर्ण होईल, नोड रिकामा बसेल आणि ठरलेल्या अवधीनंतर नाहीसा होईल. हे सारे एकदा पाहिले की पुढच्या निम्म्या शंका आपोआप फिटतात.

या टप्प्यावर दोन अडचणी हमखास येतात. स्लर्म नोडची वाट किती वेळ पाहणार, त्याची मूळ मर्यादा ६० सेकंद आहे. क्लाउडवर यंत्र घडायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ती वाढवलेली आहे ना, ते तपासावे. नाहीतर नोड येण्यापूर्वीच स्लर्म त्याला बाद ठरवते आणि जॉब पुन्हा रांगेत जातो. दुसरी अडचण मेमरीची. १२५ जीबीच्या यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारी मेमरी थोडी कमी भरते. संरचना फाइलीत तुम्ही पूर्ण आकडा लिहिलात तर स्लर्म नोड बाजूला काढते आणि कारण देते ‘लो रिअल मेमरी’. उपाय सोपा आहे: एक नोड चालू असताना त्यावर स्लर्मडी ही आज्ञा मोठ्या सी या पर्यायासह चालवा, ती नोडची खरी मापे छापते, आणि तो आकडा थोडा उतरवून फाइलीत लिहा.

साठवणुकीविषयी एवढेच सांगतो की कॉम्प्युट नोडच्या डिस्कवर लिहिलेले काहीही स्वतःचे मानू नका. मुख्य नोडची मूळ डिस्क फक्त २० जीबीची असते. ती भरली की स्लर्मला स्वतःची स्थितीही लिहून ठेवता येत नाही आणि सारी रांग थिजते. म्हणून एक व्हॉल्यूम (वेगळी जोडता येणारी डिस्क) मुख्य नोडला जोडून, त्याची एनएफएसने (जाळ्यावरून फाइली वाटण्याच्या पद्धतीने) वाटणी करून, कच्चा डेटा व निकाल त्यातच ठेवावेत.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जेटस्ट्रीम२ मध्ये नोडांना जोडणारे जाळे इथरनेटचे आहे; इन्फिनिबँड हे कमी विलंबाचे जाळे तेथे नाही. हवामानाच्या प्रारूपासारखी कामे, ज्यांत शेकडो प्रक्रिया क्षणोक्षणी एकमेकींशी बोलतात, त्यांच्यासाठी आभासी क्लस्टर योग्य नव्हे. त्यांनी आपली अ‍ॅक्सेसची क्रेडिट पर्ड्यूच्या अ‍ॅन्व्हिल किंवा सॅन डिएगोच्या एक्सपान्स या महासंगणकासाठी वळवावीत. तुमचे नमुने स्वतंत्र असल्याने तुम्हाला ही अडचण नाही. एकाच एसबॅचमध्ये १ ते २४० चा जॉब अ‍ॅरे (एकसारख्या जॉबचा क्रमांकित संच) द्या आणि सुरुवातीला ‘%’ चिन्हापुढे सहा लिहून एका वेळी सहाच चालतील अशी मर्यादा घाला.

उत्तर २ : रिकामा_नोड

वरील उत्तर परिपूर्ण आहे. युनिट वाया जाण्याविषयी मात्र मला स्वतःच्या अनुभवावरून थोडी भर घालायची आहे, कारण या बाबतीत क्लस्टर तुमच्या नकळत तुम्हाला नुकसानीत घालू शकते.

मुख्य नोड तुमच्या वतीने यंत्रे घडवतो आणि मोडतो. त्यासाठी त्याच्याजवळ एक अ‍ॅप्लिकेशन क्रेडेन्शियल, म्हणजे अधिकारपत्र असावे लागते. आज्ञावलीच्या मार्गाने जाणाऱ्याला ते हॉरायझन या ओपनस्टॅकच्या वेब-पडद्यावर स्वतः बनवावे लागते. दोन वर्षांपूर्वी ते बनवताना मी मुदत सत्र संपण्याच्या तारखेची टाकली आणि विसरून गेलो. नेमक्या त्या दिवशी एम३.मीडियमचे दहा नोड कामात होते. रात्री जॉब संपले, नोड रिकामे झाले, स्लर्मने ठरल्याप्रमाणे सस्पेंडची आज्ञावली चालवली. पण अधिकारपत्र मुदतबाह्य झाल्यामुळे ओपनस्टॅकने ती विनंती नाकारली. स्लर्मला याचा पत्ताच नव्हता. आज्ञावली चालवून झाली, ठरलेला वेळ गेला, तेव्हा नोड बंद झाले असे त्याने गृहीत धरले आणि एसइन्फोमध्ये प्रत्येक नोडपुढे ‘~’ दिसू लागली. मी ती पाहून निश्चिंत राहिलो. प्रत्यक्षात दहाही यंत्रे चार दिवस चालू होती. ८० कोअर, ९६ तास, एकूण ७,६८० युनिट गेली. शिल्लक युनिटांचा आकडा पाहिला तेव्हा ते लक्षात आले.

तेव्हापासून मी एक सवय ठेवली आहे. एसइन्फो हे स्लर्मचे म्हणणे आहे. खरे काय आहे ते ओपनस्टॅकच्या सर्व्हर लिस्ट या आज्ञेतून कळते. दोन्ही याद्या रोज सकाळी शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘~’ असलेला नोड दुसऱ्या यादीत दिसला तर तो लगेच हाताने मोडावा. अधिकारपत्राची मुदत प्रकल्पाच्या मुदतीइतकी ठेवावी. ते एकदा बनवले की त्यात बदल करता येत नाही. मुदत संपत आली असेल तर नवे बनवून मुख्य नोडवरील फाइल बदलावी. त्या फाइलीत तुमच्या प्रकल्पाची किल्लीच आहे असे समजा. ती इतर वापरकर्त्यांना वाचता येणार नाही अशी ठेवा आणि गिटच्या भांडारात चुकूनही जाऊ देऊ नका. बनवताना ‘अनिर्बंध’ अशा अर्थाची एक चौकट दिसते, तिच्यापुढे धोक्याची सूचनाही असते. नेमके कारण असल्याशिवाय तिच्यावर खूण करू नये.

दुसरे, नुसते ‘थांबवलेले’ यंत्र फुकट असते हा समज चुकीचा आहे. थांबवलेल्या यंत्राला निम्मी युनिट पडतात, निलंबित केलेल्याला तीन चतुर्थांश. शेल्व्ह केलेल्या (डिस्क जपून बाजूला काढून ठेवलेल्या) यंत्रालाच काही पडत नाही, कारण तेव्हाच त्याने व्यापलेली जागा खऱ्या अर्थाने दुसऱ्यासाठी मोकळी होते. एम३.स्मॉलचा मुख्य नोड महिनाभर चालू ठेवला तर १,४४० युनिट होतात. दोन गठ्ठ्यांच्या मधल्या काळात तो शेल्व्ह करून ठेवला तर तीही वाचतील.

उत्तर ३ : समांतर_अध्यापक

मी एका लहान महाविद्यालयात समांतर संगणन शिकवतो आणि जेटस्ट्रीम२ वर विद्यार्थ्यांच्या प्रत्येक जोडीला एक चिमुकले क्लस्टर उभारायला लावतो: मुख्य नोड एम३.स्मॉल आणि एम३.टायनीचे दोन कॉम्प्युट नोड. मोठ्या सामायिक क्लस्टरवर विद्यार्थ्याला रूट अधिकार, म्हणजे यंत्रात हवा तो बदल करण्याची मुभा, कोणी देणार नाही. येथे तो मिळतो, आणि चूक झाली तर बिघडते ते त्याचे स्वतःचे क्लस्टर.

एक्सोस्फिअरचा सोपा मार्ग पहिल्यांदा जरूर घ्यावा, पण वर्षभर तीन माणसांचे काम ज्या यंत्रणेवर चालणार ती एकदा तरी आज्ञावलीने उभारून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या वर्गात बहुतेक जोड्या मंज या सेवेपाशी अडतात. नोड एकमेकांना ओळखतात ते मंजच्या सामायिक किल्लीवरून, आणि प्रत्येक संदेशावर वेळेचा शिक्का असतो. किल्ली एका बाइटने वेगळी असली किंवा एका नोडचे घड्याळ पुढे गेले असले, तर नोड चालू असूनही स्लर्मला तो दिसत नाही. ही गोष्ट एकदा स्वतःच्या हाताने बिघडवून दुरुस्त केलेला विद्यार्थी पुढे अशा प्रसंगी घाबरत नाही. तुम्ही केलेला प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत लिहीत जा. आजची यंत्रणा पूर्ण मोडून उद्या त्या वहीवरून पुन्हा उभारता आली पाहिजे.

उत्तर ४ : आरएनए_मोजणारी

स्टारविषयी एक सूचना. प्रत्येक जॉबने जीनोमची सूची स्वतंत्रपणे मेमरीत घेण्याऐवजी एका नोडवरील सर्व जॉबना ती सामायिक मेमरीतून वापरता येते. त्यासाठी जीनोम लोडच्या पर्यायात ‘लोड अँड कीप’ द्यावे लागते. मग एम३.एक्सएलमध्ये २७ जीबी एकदाच जातात आणि आठ-आठ कोअरचे चार जॉब सहज बसतात. एकही कोअर रिकामा राहत नाही आणि वर काढलेला २,५६० चा खर्च १,९२० युनिटच्या आसपास येतो. मात्र दुहेरी फेरीची (एकाच नमुन्याची जुळवणी दोनदा करण्याची) पद्धत वापरत असाल तर हा पर्याय चालत नाही, आणि क्रमवारी लावलेली बॅम फाइल (जुळवणीच्या निकालाची फाइल) हवी असेल तर क्रमवारीसाठीच्या मेमरीची मर्यादा स्वतः सांगावी लागते. स्लर्मच्या हिशेबात ही सामायिक मेमरी नोडवर प्रथम आलेल्या जॉबच्या नावावर पडू शकते, म्हणून जॉबनिहाय कडक मर्यादा लावली असेल तर पहिला जॉब मारला जातो. आधी एकाच नोडवर चार नमुने चालवून पाहा.

शोधछात्रा_ओहायो (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले सारे क्रमाने करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरोबर वाटले नाही.

एक्सोस्फिअरमधून एम३.स्मॉलचा मुख्य नोड आणि एम३.एक्सएलचे दोन कॉम्प्युट नोड एवढ्यावर सुरुवात केली. पहिला जॉब सोडून एसइन्फोकडे पाहत बसले. ‘~’ जाऊन ‘#’ आले, एक्सोस्फिअरच्या यादीत नवे यंत्र उगवले, आणि मी मागितल्यावर एक संगणक घडला हे पाहून खरोखर आनंद झाला. पण जॉब चालला नाही. नोड बाजूला काढलेला दिसला आणि कारणाच्या रकान्यात तेच ‘लो रिअल मेमरी’ होते. हे आधी वाचले नसते तर दोन दिवस गेले असते. स्लर्मडीने दिलेला आकडा उतरवून लिहिला, एसकंट्रोलने नोड पुन्हा कामावर घेतला आणि जॉब एका मिनिटात संपला.

मग नोड आठ केले आणि चोवीस नमुने एकदम सोडले. येथे एक नवीनच गोष्ट अनुभवास आली. पहिला पाऊण तास एकाही नमुन्याचे काम पुढे सरकले नाही. सर्व जॉब चालू स्थितीत दिसत होते, कोअर मात्र रिकामे होते. मुख्य नोडवर पाहिले तर एनएफएसवर प्रचंड भार आलेला होता. जीनोमची सूची मी मुख्य नोडच्या व्हॉल्यूमवर ठेवली होती. चोवीस जॉब एकाच वेळी प्रत्येकी २७ जीबी मागत होते, म्हणजे दोन कोअरच्या एका लहान यंत्रातून जवळपास ६५० जीबी बाहेर पडायचे होते. त्या पाऊण तासात आठ मोठे नोड नुसते वाट पाहत होते आणि त्यांची युनिट चालूच होती. तूर्त मी असे केले आहे की प्रत्येक नोड जन्मला की सूची एकदाच स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतो आणि त्यावरील जॉब तेथून वाचतात. सामायिक मेमरीचा पर्याय घेता आला नाही, कारण आम्हाला दुहेरी फेरीच लागते. २४० नमुने पूर्ण झाले आहेत. चाचण्या, पहिला अडखळलेला प्रयत्न आणि मुख्य नोड धरून ३,३०० युनिटच्या आत काम बसले.

दोन शंका राहिल्या. सूची प्रत्येक नोडवर उतरवण्याहून चांगला मार्ग आहे का? आणि मुख्य नोड आता शेल्व्ह करणार आहे, तर त्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर ५ : क्लस्टर_सांभाळणारा

सूचीचे निदान तुम्ही अगदी योग्य केलेत. अनेक अनुभवी माणसेही अशा वेळी स्लर्मला दोष देत बसतात. चांगला मार्ग आहे. जेटस्ट्रीम२ वर मॅनिला या सेवेतून सामायिक साठवण मिळते. ती एका यंत्राला जोडलेल्या व्हॉल्यूमसारखी नसते. अनेक यंत्रे ती एकाच वेळी थेट साठवणयंत्रणेकडून जोडून घेऊ शकतात. मुख्य नोड मधून निघून जातो, त्यामुळे त्याच्यावर भार येण्याचा प्रश्नच उरत नाही. सूची आणि कच्चा डेटा तेथे हलवा, निकाल तेथेच लिहा, आणि ही जोडणी कॉम्प्युट नोडच्या इमेजमध्ये घालून इमेज नव्याने बनवा, म्हणजे प्रत्येक नवा नोड ती जागा घेऊनच जन्माला येईल. डिस्कवर उतरवण्याची तुमची सध्याची पद्धतही चूक नाही. मात्र एम३.एक्सएलची मूळ डिस्क ६० जीबीची आहे. त्यात २७ जीबींची सूची बसते, पण तीन नमुन्यांच्या तात्पुरत्या फाइली सोबत आल्या की जागा काठोकाठ भरते. एखाद्या मोठ्या नमुन्याच्या वेळी ती संपेल.

शेल्व्ह करण्यापूर्वी रांग रिकामी आहे ना, ते एसक्यूमध्ये पाहा. त्यानंतर सर्व्हर लिस्टमध्ये मुख्य नोडखेरीज तुमचे एकही यंत्र उरलेले नाही याची खात्री करा, कारण मुख्य नोड झोपला की मागे राहिलेले कॉम्प्युट नोड मोडणारे कोणी नसते. व्हॉल्यूम आणि मॅनिलातील साठवण तशीच राहते, तिला हात लावू नका. पुढचा गठ्ठा आला की मुख्य नोड परत उघडा, अधिकारपत्राची मुदत शिल्लक आहे का ते पाहा, दोन्ही याद्या एकदा जुळवून घ्या आणि २४० ऐवजी तीनच नमुन्यांचा अ‍ॅरे आधी सोडा.